घाईच्या जेवणांतील रस

आपल्या साहित्यशास्त्रांतला सर्वांत मोठा शब्द स्वयंपाकघरांतून आलेला आहे, याचा आपल्या टीकाकारांना बहुधा विसर पडलेला असतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत भरतमुनि रसाचें स्वरूप समजावून सांगावयास निघाले, तेव्हां त्यांनीं दृष्टान्त घेतला तो जेवणाऱ्या माणसाचा. नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न खात असतां 'सुमनस' पुरुष जसा रसांचा आस्वाद घेतो आणि हर्ष पावतो, तसाच प्रेक्षक स्थायिभावांचा आस्वाद घेतो, असें त्या विवेचनाचें तात्पर्य आहे. या दृष्टान्तावर पुष्कळ शाई खर्च झाली. पण त्यांतील जेवणाऱ्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. तो सुमनस आहे, म्हणजे स्वस्थ आहे. त्याला कचेरींत परत जावयाचें नाहीं. त्याच्या खुर्चीमागें दुसरा भुकेला मनुष्य ती केव्हां रिकामी होते याची वाट पाहात उभा नाहीं. ज्याच्यापाशीं जेवणाला जेमतेम वीस मिनिटें आहेत, त्याला रस लाभतो कीं त्याचें नुसतें पोट भरतें, हा प्रश्न भरतांपुढें नव्हता. आपल्यापुढें तो आहे. कारण मोठ्या शहरांतील बहुतेक माणसें आज दुपारचें जेवण असेंच जेवतात.

या प्रश्नाचा विचार करावयास हाँगकाँगमधील स्वस्त आणि गजबजलेल्या कँटनी उपाहारगृहासारखें दुसरें स्थळ नाहीं. तेथें घाई ही एखाद्या दिवसाची अडचण नसते. सगळा पाकव्यवहारच तिच्याभोंवतीं रचलेला असतो. मराठी वाचकाला हा मुलूख अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू कँटनच्या वाटेला लागत असे, व त्या व्यापारावर मुंबईंतल्या कित्येक हवेल्या उभ्या राहिल्या. हाँगकाँग बेट आणि समोरचें काउलून यांच्यामधील पाणी ओलांडणाऱ्या ज्या बोटींतून आजहि माणसें कामावर ये-जा करतात, त्यांची कंपनी १८८८ सालीं दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनीं काढली. १८९८ पासून ती स्टार फेरी या नांवानें चालते. हे दोराबजी पूर्वीं आचारी होते, ही गोष्ट आपल्या विषयाला शोभण्यासारखी आहे. आणि ज्या उपाहारगृहाबद्दल येथें लिहावयाचें, त्याच्या पाटीवरचा पहिला शब्द 'चा' हा तर आपल्या 'चहा'चाच भाऊबंद होय.

'चा चान तेंग' म्हणजे चहा आणि जेवण यांचें दालन. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहरांत इंग्रजी धर्तीचीं उपाहारगृहें होतीं, परंतु सामान्य चिनी माणसाच्या खिशाला तीं परवडत नसत. त्याच्यासाठीं 'बिंग सात', म्हणजे बर्फघर, नांवाचीं दुकानें होतीं. तेथें थंड पेयें, चहा आणि पाव मिळे. या दुकानांच्या रीतींत शिजविलेल्या जेवणाची भर पडत गेली, आणि १९५० नंतरच्या काळांत चा चान तेंग हा प्रकार रूढ झाला. त्याची यादी पाहिली तर ती शुद्धतेच्या अभिमान्यांना वेड लावील. तींत सूपमध्यें पोहणारी मॅकरोनी आहे; शांघायहून आलेल्या रशियन निर्वासितांच्या सूपाचा वंशज आहे; अंड्यांत बुडवून तळलेला पाव आहे; अननसाचा म्हणविणारा एक गोड पाव आहे, त्यांत अननसाचा अंशहि नाहीं, वरच्या कवचाला पडलेल्या चिरा अननसाच्या सालीसारख्या दिसतात इतकेंच. आणि दर्शनी कांचेमागें, पुष्कळ ठिकाणीं, 'सिउ मेइ' म्हणजे भाजलेल्या मांसाचा विभाग असतो. तेथें आंकड्यांना हंस, कोंबड्या व डुकराच्या मांसाच्या लांब तांबूस पट्ट्या टांगलेल्या असतात. ज्या वाचकाला हें दृश्य सोंवळ्याच्या दृष्टीनें असह्य वाटेल, त्याला दोष नाहीं. परंतु कलेचा विचार करतांना अशा वाचकानेंहि क्षणभर कांचेच्या अलीकडे उभें राहावें.

दुपारीं एक ते दोन ही तेथील कचेऱ्यांची रूढ जेवणाची वेळ. त्या तासांत दारांतला मनुष्य 'किती जण?' एवढेंच विचारतो आणि बोट दाखवितो. एकट्यानें आलेल्यास मेज मिळत नाहीं, मेजावरची एक जागा मिळते. उरलेल्या जागांवर अनोळखी माणसें आधींच जेवीत असतात. या सहपंक्तीला 'दाप तोइ' असें नांव आहे. तींत ओळख करून घ्यावयाची नाहीं, कोंपर पसरावयाचें नाहीं, आणि जेवण संपल्यावर रेंगाळावयाचें नाहीं. यादी मेजाच्या कांचेखालीं किंवा भिंतीवर असते. पुढ्यांत फिक्या चहाचा पेला आपटला जातो. कोणी तो पितो, कोणी त्यांत आपल्या काड्या आणि चमचा विसळून घेतो. वाढपी उभा राहतो तो एखाददुसरा श्वास घेण्यापुरता. त्याच्यापुढें 'हें घ्यावें कीं तें' असा विचार करीत बसणें हाच तेथला अविनय.

बाहेरून आलेला टीकाकार येथें बहुधा दोहोंपैकीं एका खड्ड्यांत पडतो. त्याला हा उद्धटपणा वाटतो व तो रागावतो. किंवा त्याला हा उद्धटपणा वाटतो व तो त्याचें कौतुक करूं लागतो. दुसरा खड्डा अधिक खोल. वाढप्याचा तुसडेपणा ही पाहावयास जाण्याची एक गंमत आहे, असें प्रवासवर्णनांतून छापून आलें कीं त्या बिचाऱ्याला जणूं नट करून टाकलें जातें. वस्तुतः तो उद्धटहि नाहीं आणि गंमतीचाहि नाहीं. तो बोलणें वांचवीत आहे, आणि हें बोलणें वांचविणें किती बारकाईचें आहे तें पाहण्यासारखें आहे.

बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी हवी असल्यास तो आंत हांक देतो: 'फेइ सा जाउ नाइ', शब्दशः 'वाळू उडवा, दूध पळवा'. वाळू म्हणजे साखर. 'जाउ' म्हणजे पळणें, जाणें. जो पदार्थ नको त्याच्यामागें हें एक क्रियापद लावलें कीं काम झालें. मात्र 'चा जाउ' म्हटलें कीं साखर जाते आणि तिच्या जागीं आटवलेलें गोड दूध येतें. हा अपवाद ज्याचा त्यानें पाठ करावयाचा. साध्या पांढऱ्या भाताला 'लेंग जाइ' म्हणजे देखणा पोरगा म्हणतात. जें अन्न बांधून न्यावयाचें तें 'हांग गाइ', रस्त्यावर हिंडावयास निघालेलें. कागदाच्या चिठ्ठीवर लिहितांना तर याहून काटकसर. भात या अर्थाचें चिनी अक्षर अनेक रेघांचें, म्हणून त्याच्याऐवजीं मिळत्याजुळत्या उच्चाराचें, 'उलट' या अर्थाचें सोपें अक्षर लिहावयाचें. अंड्याच्या अक्षराला वेळ फार लागतो, म्हणून तेथें 'पहाट'. लिंबाच्या चहाला नुसतें शून्य आणि इंग्रजी 'टी' हें अक्षर. कारण कँटनीच्या ढिल्या उच्चारांत लिंबू आणि शून्य हीं एकसारखींच ऐकूं येतात. अर्धी मात्रा वांचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असें आपल्याकडे म्हणत आले आहेत. त्या आनंदाचे वारस आज कोठें असतील तर ते या मेजांच्या मधून धांवणाऱ्या वाढप्यांत आहेत. मागच्या सूत्रांतलें पद पुढच्यांत गृहीत धरावयाचें, ही अनुवृत्तीची युक्तीहि त्यांना अवगत आहे. चौघांच्या मागणींत भात एकदांच उच्चारला जातो.

पण भाषेच्या या चतुराईंत रमून आपण मूळ प्रश्न सोडतां कामा नये. ताटलींत काय येतें? 'चा सिउ फान' हा पदार्थ घ्या, कारण तो सर्वांत साधा, बहुधा सर्वांत स्वस्तांपैकीं एक, आणि म्हणूनच परीक्षेला सर्वांत चांगला. 'चा' म्हणजे कांटा (हा 'चा' चहाचा नव्हे, कँटनीच्या सुरांत दोहोंचा स्वर निराळा आहे), 'सिउ' म्हणजे भाजणें, 'फान' म्हणजे भात. मागणी दिल्यापासून ताटली येईपर्यंत दोन-तीन मिनिटें लागतात. कांचेमागचा कारागीर आंकड्यावरून एक पट्टी उतरवितो, जाड लांकडी ओंडक्यावर ठेवतो, सत्तुराचे दहाबारा घाव घालतो, आणि सत्तुराच्याच पात्यावर तुकडे उचलून वाफाळत्या भातावर लोटतो. वर गोड-खारट रसाची एक पळी आणि बाजूला उकडलेल्या हिरव्या पाल्याचे एकदोन देंठ. येथें घाई संपूर्ण आहे. परंतु ही घाई शेवटच्या तीन मिनिटांचीच आहे, आणि सगळें मर्म येथें आहे.

कारण ती पट्टी आंकड्यावर येण्यापूर्वीं काय काय घडलेलें असतें? डुकराच्या खांद्याकडचें, चरबीच्या बारीक रेषा असलेलें मांस निवडून त्याच्या लांब पट्ट्या कापतात. साखर, मीठ, सोयाबीनचा आंबवलेला रस, तांबडें आंबवलेलें सोयाबीनचें पनीर, पांच मसाल्यांची पूड आणि सुवासिक मद्य यांत त्या कित्येक तास मुरवितात. मग कांट्यांना टांगून भट्टींत भाजतात, बाहेर काढून माल्टोजच्या, म्हणजे धान्यापासून केलेल्या घट्ट पाकाच्या, लेपांत बुडवितात, आणि पुन्हां भट्टींत धरतात, तेव्हां कडेला ती काळसर, किंचित् कडवट झालर येते. ही झालर ज्याला आवडते तो 'जळकी कड' मागून घेतो. जाणकार 'अर्धें चरबीचें, अर्धें निखळ' असेंहि सांगतात. हंसाची कथा याहून लांब. त्याची कातडी हवा भरून मांसापासून सोडवावयाची, पोटांत मसाला घालून तें बंद करावयाचें, वरून उकळतें पाणी ओतावयाचें, व्हिनेगर आणि माल्टोज यांचा हात द्यावयाचा, आणि मग तो कातडी कागदासारखी होईपर्यंत वाऱ्यावर टांगून ठेवावयाचा. भट्टीची पाळी त्यानंतर. जेवणाबरोबर जो सूपाचा वाडगा येतो, तोहि चांगल्या दुकानांत हाडें आणि भाज्या मंद आंचेवर तासन्‌तास उकळून केलेला असतो. चौघां अनोळखी माणसांच्या मध्यें बसून जो कारकून वीस मिनिटांत हें खाऊन उठतो, त्याच्या ताटलींत म्हणजे आदल्या रात्रीपासूनचा वेळ येऊन पडलेला असतो.

भरतांच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडतें. आस्वादाला उसंत लागते, हें खरें. पण ती उसंत जेवणाऱ्याचीच असली पाहिजे असा नियम नाहीं. ती अन्नांत आधींच घातलेली असूं शकते. आपल्याकडील मुरांब्याच्या बरणीचें, वर्षभर मुरलेल्या लोणच्याच्या फोडीचें रहस्य हेंच. कोणी घाईघाईनें बोटानें चाटलें तरी त्या बोटावर सबंध उन्हाळा असतो. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे असल्या दुकानाचे गुणदोष ठरविण्याची एक कसोटी हातीं येते, आणि ती आरामशीर भोजनगृहांच्या कसोटीपेक्षां निराळी आहे. शेवटचीं तीन मिनिटें कितीहि राकट असोत. आधींचे तास खरे आहेत काय, एवढें पाहावें. जेथें भाजलेलें मांस बाहेरून तयार आणून नुसतें गरम करतात, जेथें मुरण्याची उणीव तांबड्या रंगानें झांकतात, जेथें रसाची पळी मांस कोरडें पडल्याचा बोभाटा होऊं नये म्हणून वाढविलेली असते, तेथें घाई उघडी पडते. तो कारागीर तितकाच चपळ असेल, वाढपी तितक्याच गंमतीदार आरोळ्या देत असेल. तरी तें जेवण म्हणजे केवळ पोटांत टाकलेला भार. असलीं दुकानें थोडीं नाहींत. आणि चांगल्या दुकानांतहि सगळेंच चांगलें असतें असें नाहीं. सूपांतली मॅकरोनी ही माझ्या मतें केवळ संवयीनें टिकलेली वस्तु आहे; तींत ना इटलीचा कणखरपणा उरला, ना कँटनी शेवयांची कोंवळीक आली. बालपणीं ज्यांनीं ती खाल्ली नाहीं, त्यांनीं तिच्यावर प्रेम करण्याचा आव आणूं नये.

चहाची गोष्ट मात्र निराळी, कारण चहांत ही सांठविलेल्या वेळाची कला मांसाहूनहि स्पष्ट दिसते. सिलोनच्या निरनिराळ्या पत्त्यांचें मिश्रण लांब कापडी पिशवींत भरून उकळतें पाणी तिच्यांतून पुन्हां पुन्हां, उंचावरून ओततात. चहानें तपकिरी झालेली ती पिशवी बायकांच्या मोज्यासारखी दिसते म्हणून याला 'रेशमी मोज्याचा चहा' असें थट्टेचें नांव पडलें. १९५२ सालीं टपरी म्हणून सुरू झालेल्या लान फोंग युन या दुकानाला या नांवाचें श्रेय देतात. तो काळाभोर, तुरट अर्क डब्यांतल्या आटवलेल्या दुधावर पडला कीं जो चहा होतो, तो आपल्या आल्याच्या चहापेक्षां जड आणि अधिक तुरट असतो. २०१७ सालीं हाँगकाँगच्या सरकारनें आपल्या अमूर्त वारशाची जी निवडक यादी केली, तींत या चहाच्या कृतीचा समावेश झाला.

याच चहांत कॉफी मिसळली कीं 'युन यँग' होतें. हें नांव एका जातीच्या बदकांच्या जोडप्याचें. चिनी काव्यांत तें दांपत्यनिष्ठेचें प्रतीक आहे. आपल्या कवींना चक्रवाकाचें जोडपें आठवेल. पण आपला चक्रवाक रात्रीं विरह सोसतो, आणि चिनी जोडपें सदा एकत्र पोहतें. गंमत अशी कीं त्या पक्ष्यांत नर रंगीबेरंगी व मादी साधी, एकमेकांशीं अगदीं विसदृश. चहा आणि कॉफी यांच्या पेल्याला हें नांव ज्यानें दिलें तो कोणीतरी मोठा मार्मिक असला पाहिजे. हाँगकाँगचे कवि ल्यूंग पिंग-क्वान (१९४९–२०१३), जे 'या सी' या टोपणनांवानें लिहीत, त्यांनीं या पेयावर एक कविता लिहिली आहे, आणि खाण्यापिण्याच्या द्वारें वसाहतोत्तर जीवन पाहणारा त्यांचा कथासंग्रह २००९ मध्यें निघाला. त्यांचा गुण हा कीं दोन पेयें एकत्र आलीं म्हणजे एक दुसऱ्याला गिळतें कीं काय, हा प्रश्न ते विचारतात आणि मग घाईनें उत्तर देत नाहींत. पूर्व-पश्चिमेच्या संगमाचें तोरण बांधण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. रस्त्याकडेच्या टपरीचा धूर आणि तेथल्या बोलण्यांतलें शहाणपण कवितेंत ठेवून ते थांबतात. एका पेल्याला पेलवेल तेवढाच अर्थ त्यांनीं त्यावर घातला, हें औचित्य आजच्या कवींत दुर्मिळ आहे.

याउलट, चा सिउ फानवर अर्थाचा भार अधिकांत अधिक कोणी घातला असेल तर तो १९९६ च्या 'सिक सान' म्हणजे 'अन्नदेव' या बोलपटानें. स्टीफन चाऊ यांचा हा प्रहसनपट. त्यांतला नायक गर्विष्ठ व दांभिक पाकपंडित. तो पदच्युत होऊन रस्त्यावर येतो, आणि भुकेनें व्याकूळ असतां एक फेरीवाली बाई त्याला भाजलेल्या मांसाचा साधा भात खाऊं घालते. शेवटच्या स्पर्धेंत तो तोच भात करतो, वर एक तळलेलें अंडें. परीक्षक बाई घास घेते आणि तिच्या डोळ्यांना धारा लागतात. त्या भाताचें नांव 'प्राण हरपविणारा उदास भात' अशा अर्थाचें आहे. हें नांव जिन योंग यांच्या युद्धकथेंतील विरही वीराच्या एका डावावरून घेतलेलें, आणि तो डाव आपल्या नांवाकरितां थेट ज्यांग येन (४४४–५०५) या कवीच्या वियोगावरील प्रसिद्ध रचनेपर्यंत मागें जातो. पंधराशें वर्षांचा विरह एका ताटलीवर आणून ओतला! पण चाऊ हे भोळे नव्हेत. परीक्षक बाई रडूं कां येतें असें विचारते, तेव्हां उत्तर मिळतें: भातांत कांदा आहे. पुष्कळ प्रेक्षक अश्रु लक्षांत ठेवतात आणि कांदा विसरतात. पुढें कित्येक चा चान तेंगांनीं हा भात यादींत चढविला, तो अश्रूंच्या जोरावर. स्वस्त जेवणाकडे करुणरसाच्या चष्म्यांतून पाहणाऱ्यांना, 'गरिबाच्या घासांतलें सुख' असा शब्दप्रयोग केल्यावांचून ज्यांना राहवत नाहीं त्यांना, दिग्दर्शकानें तो कांदा आधींच सोलून ठेवला आहे.

करुणरसवाल्यांपेक्षां अधिक नुकसान तारे वांटणाऱ्यांनीं केलें, असें माझें मत आहे. मिशेलिन ही फ्रान्समधील टायर विकणारी कंपनी. मोटारवाल्यांनीं अधिक हिंडावें म्हणून तिनें १९०० सालीं मार्गदर्शिका काढली. तिचे तारेहि प्रवासाच्या भाषेंत आहेत: एक तारा म्हणजे वाटेंत थांबावें असें, दोन म्हणजे वाट वांकडी करावी असें, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करावा असें. हाँगकाँग व मकाव यांची पहिली मार्गदर्शिका २००९ सालासाठीं निघाली. त्याच २००९ मध्यें एका पंचतारांकित हॉटेलांतील आचारी माक क्वाइ-पुइ यांनीं माँगकाँक भागांत 'टिम हो वान' हें वीसएक खुर्च्यांचें वाफवलेल्या पुरचुंड्यांचें दुकान काढलें, आणि २०१० च्या मार्गदर्शिकेंत त्याला तारा मिळाला. जगांतलें सर्वांत स्वस्त तारांकित दुकान म्हणून त्याचा डंका झाला, आणि त्या वीस खुर्च्यांसाठीं तासन्‌तास रांगा लागल्या. सिंगापुरांत हाँगकाँगी पद्धतीनें सोयाबीनच्या रसांत शिजविलेली कोंबडी आणि भात विकणारे चान होन मेंग यांच्या टपरीला २०१६ मध्यें तारा मिळाला, तेव्हां तेथेंहि तेंच झालें. २०२१ मध्यें तो तारा गेला.

या दुकानांचें अन्न वाईट होतें असें मुळींच नाहीं. दोष मापाचा आहे. क्षेमेन्द्रानें अकराव्या शतकांत काश्मिरांत बसून औचित्याचा विचार केला, तेव्हां कंबरपट्टा गळ्यांत आणि पैंजण हातांत घालणाऱ्याला कोण हंसणार नाहीं, असें विचारलें होतें. ज्या जेवणाचा पहिला गुण जवळ असणें, त्याला 'दुरून येण्याजोगें' हें भूषण चढविणें म्हणजे तोच पैंजण हातांत. वीस मिनिटांच्या जेवणासाठीं दोन तास उभें राहावें लागलें कीं सगळा हिशेब उलटतो: आचाऱ्यानें अन्नांत घातलेला वेळ जेवणाऱ्याच्या पायांतून वसूल होतो. ज्याला एक ते दोन एवढीच सुटी आहे तो रांगेंतूनच परत फिरतो. त्याची खुर्ची मोटारवाल्या रसिकाला मिळते, आणि तोहि ती उबदार होण्यापूर्वींच उठतो, कारण मागें आणखी रसिक आहेत.

या खुर्चीची किंमत काय, तें २०२० च्या जुलैंत सर्वांना कळलें. साथीच्या भीतीनें २९ जुलैपासून उपाहारगृहांत बसून खाण्यास दिवसभर बंदी झाली. अन्न विकत घेऊन जाण्यास मुभा होती. म्हणजे चव, किंमत, वाढप, सर्व पूर्ववत्. गेलें तें फक्त मेज. त्या दुपारीं मजूर, झाडूवाले, पहारेकरी पदपथांच्या कडेला, जिन्यांवर, उन्हापावसांत डबे उघडून बसलेले दिसले, आणि त्यांचीं छायाचित्रें शहरभर फिरलीं. दुसऱ्या दिवशीं जेवणाऱ्यांसाठीं समाजमंदिरें उघडावीं लागलीं. ३१ जुलैला दिवसाची बंदी उठली. दोन दिवसांत सरकारनें माघार घ्यावी इतका या गोष्टीचा बोभाटा झाला. जो वाढपी 'हं, काय?' यापलीकडे बोलत नाहीं, तो तुम्हांला काय देत होता, तें त्या छायाचित्रांत स्वच्छ दिसतें: छप्पर, पंखा, पाठ टेकावयास जागा, फिका चहा, आणि चौघांत बसून एकटें राहण्याची परवानगी.

तथापि हा वाढपी आणि तो भट्टीपुढचा कारागीर यांच्याविषयीं आणखी एक बोलावयास हवें. अन्नांत वेळ सांठविलेला असतो असें मीं म्हटलें. तो वेळ कोणाचा तरी असतो. हंस वाऱ्यावर टांगावयाचा तर कोणीतरी तुमच्या न्याहारीच्याहि आधीं उठलेला असतो. भट्टीची आंच बाराहि महिने त्याच्या अंगावर असते, हाँगकाँगच्या दमट उन्हाळ्यांतहि. दुकानाचें भाडें मालक ठरवितो, मांसाचा भाव बाजार ठरवितो. ताटली स्वस्त ठेवावयाची तर दाबावयास उरतें तें एकच माणूस. हाँगकाँगमध्यें कायद्यानें किमान वेतन लागू झालें तें १ मे २०११ रोजीं, तासाला २८ हाँगकाँग डॉलर. तेव्हां उपाहारगृहांचे धंदे बुडतील अशी ओरड झाली होती. धंदे बुडाले नाहींत, ताटल्या थोड्या महागल्या. मला ही महागाई रसास बाधक वाटत नाहीं. ज्यांना वाढप्याच्या आरोळ्यांतलें सूत्रवाङ्मय मोहवितें, त्यांनीं त्या लाघवाचा मोबदला द्यावयास कुरकुर करूं नये, कारण ती अर्धी मात्रा त्याच्याच छातींतून वांचलेली असते.

दोन वाजले कीं गर्दी ओसरते. भिंतीवर दुपारच्या चहाची दुसरी, स्वस्त यादी लागू होते. सव्वातीनच्या सुमारास इमारतींच्या कामावरचे लोक येतात. त्यांच्या या चहाच्या सुटीला नांवच 'तीन वाजून तीन' असें आहे, कारण घड्याळांत पंधरा मिनिटांचा कांटा तिसऱ्या अंकावर येतो. त्या वेळीं दाप तोइची गरज नसते, एकेकाला सबंध मेज मिळतें. मागच्या बाजूच्या मेजावर वाढपी आणि आचारी स्वतः जेवावयास बसलेले असतात. ते यादींतलें कांहीं खात नाहींत. मोठ्या भांड्यांतला साधा भात, वाफवलेली मासळी आणि एखादी भाजी मध्यें ठेवून ते जेवतात, आणि भट्टीवाला उद्यांच्या पट्ट्या मुरत घालावयास उठेपर्यंत बोलत बसतात.